सदनिका-संकुलांतील कचरा वर्गीकरण : नियम आणि अंमलबजावणी

प्रास्ताविक

ओला व सुका कचरा वेगळा ठेवावा, हे आता कोणास नव्याने सांगावे लागत नाही. तथापि स्वतंत्र घर आणि अपार्टमेंट यांना हा नियम सारख्याच रीतीने लावता येत नाही. स्वतंत्र घराची बादली घंटागाडीवरील कर्मचाऱ्यासमोर रिती होते; कचरा कोणी मिसळला हे त्याला दिसते. इमारतीत जिन्याखाली एकच पिंप असते. नऊ कुटुंबांनी निष्ठेने वेगळा केलेला कचरा दहाव्याच्या शिळ्या आमटीने भिजतो, रद्दी-पुठ्ठ्याची किंमत जाते आणि दोषी कोण हे कळत नाही. प्रस्तुत लेखात याच अडचणीचा विचार केला आहे.

नियमांची वाटचाल

अल्मित्रा पटेल यांच्या १९९६ मधील सर्वोच्च न्यायालयातील याचिकेच्या पार्श्वभूमीवर २००० साली घनकचऱ्याचे नियम आले. त्यांचा मुख्य रोख स्थानिक संस्थांवर होता. २०१६ च्या नियमांनी वर्गीकरणाचे कर्तव्य स्पष्टपणे कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकले आणि ५,००० चौरस मीटरांहून मोठ्या संकुलांना ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्यास सांगितले. त्यांची जागा घेणाऱ्या २०२६ च्या नियमांत वर्गीकरण चार प्रकारांचे आहे.

मुंबई महानगरपालिकेने २० हजार चौरस मीटरांहून मोठ्या किंवा दररोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या सोसायट्यांचा ओला कचरा २ ऑक्टोबर २०१७ पासून न उचलण्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात लेखी हमी देणाऱ्यांना मुदतवाढ द्यावी लागली. कचरा न उचलणे ही शिक्षा संपूर्ण इमारतीला होते, नियम पाळणाऱ्यांनाही होते. म्हणूनच ती फार काळ ताणता येत नाही.

इमारतीच्या आत

येथे एक भेद सहसा दुर्लक्षिला जातो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालील सोसायटीत सभासदावरील कारवाई उपविधींनुसार व सर्वसाधारण सभेमार्फत चालते. महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अधिनियम, १९७० खालील इमारतीत घोषणापत्र व उपविधी बंधनकारक असतात आणि त्यांचा भंग झाल्यास नुकसानभरपाई वा मनाईहुकमासाठी दाद मागता येते. परंतु केळीच्या सालींसाठी शेजाऱ्यावर दावा कोण लावणार? आपल्याकडील असंख्य लहान इमारतींचा कारभार तर वर्गणी गोळा करणाऱ्या एखाद्या निवृत्त गृहस्थाच्या भिडेवर चालतो.

पेठ वडगावसारख्या बाजारपेठेच्या गावी प्रश्न आणखी निराळा होतो. दरडोई अर्धा किलो कचरा धरला, तर १०० किलोंसाठी सुमारे २०० माणसे, म्हणजे चाळीस-पन्नास सदनिका लागतात. आठ-दहा सदनिकांची इमारत या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. मोठ्या कचरा-उत्पादकांसाठीच्या तरतुदी तिला लागू होत नाहीत. उरते ते केवळ प्रत्येक कुटुंबाचे वैयक्तिक कर्तव्य, आणि ते तपासणार कोण, हा प्रश्न पुन्हा त्या पिंपापाशीच येऊन थांबतो.

या संदर्भात पुण्याचा अनुभव उपयुक्त वाटतो. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ मध्ये स्थापन झाली. तिच्या कार्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेशी पुणे महापालिकेने २००८ मध्ये करार केला. या कचरावेचक स्त्रिया दारोदार कचरा गोळा करतात, कुटुंबाकडून शुल्क घेतात आणि सुका माल विकून येणारे उत्पन्नही त्यांचेच असते. मिसळलेल्या कचऱ्याने त्यांची मिळकत बुडते, त्यात सॅनिटरी पॅड वा फुटकी काच असल्यास हातालाच इजा होते. साहजिकच दारातली बादली त्या निरखून पाहतात आणि मिसळ दिसली तर त्याच दारात बोलून दाखवतात.