बुरशी : घरात वैरीण, कारखान्यात कामकरीण

श्रावणात डोंबिवलीला चार दिवस ऊन पडलं नाही, की पावावर, लोणच्यावर, कपाटातल्या पर्सवरसुद्धा बुरशी धरते. आपण नाक मुरडून ती फेकतो. पण तिचीच भावंडं कारखान्यात लाडाने वाढवतात, हे ठाऊक आहे का?

जड जेवणानंतर डॉक्टर पाचक औषध देतात, त्याचं वेष्टन वाचून पाहा. पुष्कळदा ‘फंगल डायस्टेस’ हे शब्द दिसतील. पिष्ट पचवणारं हे एन्झाइम, म्हणजे विकर, बुरशीपासूनच मिळतं. जोकिची ताकामिने या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली अमेरिकेत या पद्धतीचं पेटंट घेतलं. बुरशी वाढवली कशावर? गव्हाच्या कोंड्यावर!

आज आपल्या ठाण्यात मुख्य कचेरी असलेली ‘अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम’ ही कंपनी विकरांच्याच व्यवसायात आहे. तिचा कारखाना नाशिक जिल्ह्यात, सिन्नरला आहे.

यातली खरी गंमत खाऊ घालण्यात आहे. बुरशीला आयती साखर भरपूर दिली, की ती आळसावते. विकर कशाला करायचं? कोंडा दिला, की तो पचवण्यासाठी तिला विकर सोडावंच लागतं. म्हणून टाकीत साखर द्यायचीच झाली, तर थेंबाथेंबाने. ऊब साधारण ३० अंशांची, ओल बेताची, हवा खेळती. कोंड्याचा ढीग जाड झाला तर आतून तापतो आणि बुरशीच मरते. थंडीत इडलीचं पीठ सांभाळणाऱ्या बाईला हे वेगळं सांगायला नको!

आता घरासाठी चार गोष्टी :

• कपडे धुण्याच्या पावडरीत विकरं असतील, तर उकळतं पाणी घालू नका, ती निकामी होतात. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा.

• काही विकरं प्रथिनं खातात, आणि रेशीम, लोकर ही प्रथिनंच. पैठणीला अशी पावडर लावू नका.

• पाचक औषध रोज लागू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा.

• कारखान्यातली बुरशी पारखून निवडलेली असते, आपल्या पावावरची नव्हे. हिरवा भाग कापून उरलेला पाव मुलांना देऊ नका. विष आत पसरलेलं असू शकतं. बुरशी धरलेले शेंगदाणे भाजूनही निर्धोक होत नाहीत.

काटकसर चांगलीच, पण इथे नको. तो पाव खुशाल टाका!