दाणे वेगळे, चौकोन वेगळे : मोबाईल व्हिडिओविषयीचे गैरसमज

विसर्जन मिरवणुकीचा रात्री काढलेला व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर लावला की दोन दोष उघडे पडतात. आभाळात आणि सावल्यांत रंगीत दाणे वळवळत असतात; गुलाल उधळला की त्या लाल ढगाचे चौकोनी तुकडे होतात. आपण दोन्हींना सरसकट ‘पिक्सेल फाटले’ म्हणतो आणि मोबाईलला बोल लावतो. पण दाणे चित्र टिपताना येतात आणि चौकोन ते साठवताना. कारणे निराळी, म्हणून उपायही निराळे.

गैरसमज : दाणे दिसतात म्हणजे कॅमेरा खराब आहे.
वस्तुस्थिती : प्रकाश फोटॉनच्या सुट्या कणांनी येतो आणि ते कधीच अगदी सारखे पडत नाहीत. पाऊस नुकता लागतो तेव्हा एका फरशीवर चार थेंब असतात, शेजारची कोरडीच. मोठ्या सरीत साऱ्या फरशा सारख्या भिजतात. सेन्सरचेही तसेच. एका पिक्सेलला सरासरी १०,००० फोटॉन मिळाले तर चढउतार साधारण १०० चा, म्हणजे १ टक्का. १०० च मिळाले तर चढउतार १० चा, म्हणजे तब्बल १० टक्के. तोच दाणा होऊन दिसतो. त्यात मोबाईलचा सेन्सर लहान. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा. मोबाईलमधला चांगला मोठा सेन्सरही जेमतेम १० बाय ७.५ मिलिमीटरचा भरतो. क्षेत्रफळात अकरा पटींहून अधिक फरक पडतो.

गैरसमज : आयएसओ वाढल्यामुळे दाणे येतात.
वस्तुस्थिती : आयएसओ वाढवल्याने मिळालेला सिग्नल मोठा होतो, प्रकाश वाढत नाही. सिग्नलबरोबर त्यातला चढउतारही मोठा होतो, एवढेच. आयएसओ मुद्दाम कमी ठेवून काळोखा व्हिडिओ काढला आणि नंतर एडिटिंगमध्ये उजळला, तर दाणे तितकेच दिसतात, कधी जास्तच.

गैरसमज : रात्री फोटो छान येतो, मग व्हिडिओही यायलाच हवा.
वस्तुस्थिती : नाईट मोड अनेक फ्रेम टिपून त्या एकत्र करतो, त्यासाठी काही सेकंदही घेतो. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेमला फार तर १/३० सेकंद मिळतो. ६० फ्रेम निवडल्या की तो वेळ, आणि प्रकाशही, निम्मा. मेगापिक्सेलच्या आकड्यावरही विसंबू नये : फोरके व्हिडिओची एक फ्रेम ३८४० बाय २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख पिक्सेलचीच असते.

गैरसमज : फोरकेमध्ये काढले की चौकोन पडत नाहीत.
वस्तुस्थिती : कम्प्रेशन न केलेल्या १०८०पी व्हिडिओला सेकंदाला सुमारे १५० कोटी बिट लागतील. आयफोनच्या एचईव्हीसी पद्धतीत तोच व्हिडिओ मिनिटाला ६० एमबीत, म्हणजे सेकंदाला सुमारे ८० लाख बिटमध्ये बसतो. हे जमते कसे? फ्रेमचे चौकोनी भाग पाडले जातात. २००३ मध्ये आलेल्या एच.२६४ पद्धतीत ते १६ बाय १६ पिक्सेलचे असतात. आधीच्या फ्रेममधला कोणता भाग कुठे सरकला, एवढेच आधी नोंदवले जाते. उरलेल्या फरकातला बारीक तपशील डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्मच्या धर्तीवरील गणिताने वेगळा काढून त्याचे आकडे ढोबळ केले जातात. हे गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केले.

उधळलेल्या गुलालाला आधीच्या फ्रेममध्ये जोडीदार सापडत नाही. बिट अपुरे पडतात, आकडे अधिकच ढोबळ होतात आणि चौकोनांच्या कडा उघड्या पडतात. दाण्यांमुळे हा दोष बळावतो : ते दर फ्रेमला बदलतात, कम्प्रेशन त्यांना नवी माहिती समजते आणि मूळ चित्राच्या वाट्याचे बिट तेच खातात. फोरकेत पिक्सेल चौपट होतात, पण आयफोनवर डेटा मिनिटाला १७० एमबी, म्हणजे तिपटीहूनही कमी. तपशील वाढतो, चौकोनांपासून पुरती सुटका होत नाही.

गैरसमज : व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ ॲपने ‘एचडी’ केला की मूळ परत मिळतो.
वस्तुस्थिती : कम्प्रेशनमध्ये टाकून दिलेला तपशील परत येत नाही, ॲप तो अंदाजाने रंगवते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो पुन्हा कम्प्रेस होतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते.

दाण्यांवर उपाय प्रकाशाचा : उजेड विषयावर पडेल अशा बाजूला उभे राहा, मुख्य कॅमेरा वापरा, डिजिटल झूम टाळा, रात्री ३० फ्रेमच ठेवा. चौकोनांवर उपाय बिटचा : मोबाईल स्थिर धरा, म्हणजे सगळी फ्रेम एकदम बदलणार नाही. आणि दोष कुणाचा हे ठरवण्याआधी मूळ फाइल आणि पाठवलेली फाइल एकामागोमाग लावून पाहा. चौकोन फक्त पाठवलेल्या फाइलमध्ये असतील, तर नवा मोबाईल घेऊन काहीच साधणार नाही.