आखातातील नोकरी आणि फुप्फुसावरील डाग

आखाती देशांत पोटासाठी गेलेल्या माणसाचे तेथील वास्तव्य दोन गोष्टींवर अवलंबून असते : एक मालकाची मर्जी आणि दुसरी वैद्यकीय तपासणीचा दाखला. मालकांच्या जुलुमाविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते. मात्र एका क्ष-किरण छायाचित्रामुळे ज्यांच्या संसाराची घडी विस्कटली, अशांविषयी सहसा कोणी बोलत नाही. कारण परत आलेला माणूस स्वतःच त्याविषयी मौन पाळतो.

सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, बहरीन व ओमान या सहा देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या भारतीय कामगाराला प्रथम मायदेशीच, त्या देशांनी मान्यता दिलेल्या केंद्रात, छातीचे छायाचित्र व रक्ततपासणी करून घ्यावी लागते. तेथे पोहोचल्यावर निवासाचा परवाना हाती पडण्यापूर्वी पुन्हा तपासणी होते. अमिरातीत तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळीही तिला सामोरे जावे लागते. एचआयव्ही आणि क्षय हे तिचे मुख्य लक्ष्य. घरकाम करणाऱ्या स्त्रियांची गर्भधारणेचीही चाचणी घेतली जाते.

आपल्या भूमीवर कोणाला प्रवेश द्यावा आणि साथीच्या रोगांपासून प्रजेचे रक्षण कसे करावे, हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न अधिकाराचा नसून त्याच्या वापराचा आहे. जाताना निरोगी ठरलेला माणूस काही वर्षांनी क्षयग्रस्त आढळतो, तेव्हा तो रोग त्याने गावाहून नेलेला असेलच असे नाही. एका खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांच्या वसाहती हे क्षयाच्या प्रसाराला अनुकूल असेच स्थान होय. ज्या देशासाठी राबताना रोग जडला, त्याच देशाने रोगी म्हणून हाकलून द्यावे, यात न्याय कोठे आहे?

शिवाय छायाचित्रातील प्रत्येक डाग म्हणजे रोग नव्हे. पूर्वी होऊन पूर्ण बरा झालेला क्षय फुप्फुसावर व्रण ठेवून जातो. त्या व्रणापासून कोणालाही संसर्ग होत नाही. रोग सक्रिय आहे की नाही, हे थुंकीच्या तपासणीनेच नीट कळते. आणि तो सक्रिय असला, तरी सर्वसाधारण क्षय सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. योग्य उपचार सुरू झाल्यावर थोड्याच आठवड्यांत संसर्गाचा धोका बहुतांशी ओसरतो. अर्थात, ज्या कारणासाठी माणसाला देशाबाहेर काढावयाचे, ते कारण उपचारांनी तेथेच दूर होऊ शकते.

हा विचार स्वप्नाळू आहे, असे म्हणता येणार नाही. अमिरातीनेच २०१६ साली आपले नियम बदलले आणि नूतनीकरणाच्या वेळी क्षय वा त्याचा जुना व्रण आढळलेल्या परदेशी रहिवाशाला एक वर्षाचा परवाना देऊन देशातच उपचार घेण्याची मुभा दिली. एचआयव्हीच्या कारणावरून १९८७ पासून घातलेली प्रवेशबंदी अमेरिकेने २०१० मध्ये उठविली. दक्षिण कोरियाने परदेशी इंग्रजी शिक्षकांवर एचआयव्ही चाचणीची सक्ती केली होती, स्वदेशी शिक्षकांवर मात्र ती नव्हती. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने २०१५ साली ही सक्ती भेदभावाची ठरविली आणि २०१७ मध्ये ती मागे घेण्यात आली. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेची २०१० सालची २०० क्रमांकाची शिफारसही हेच सांगते, की एचआयव्हीच्या कारणावरून स्थलांतरित कामगाराला रोजगाराची वाट बंद करू नये.

परंतु केवळ परराष्ट्रांकडे बोट दाखवून भारताची सुटका होत नाही. नोकरीची पूर्वअट म्हणून एचआयव्ही चाचणी घेण्यास या देशाच्या २०१७ च्या कायद्याने मज्जाव केला आहे. तरीही याच भूमीवरील केंद्रांत परदेशी नोकरीसाठी ती चाचणी नित्य होते. या विसंगतीविषयी आखाती सरकारांशी कधीतरी स्पष्ट बोलावयास हवे. तपासणीचा संपूर्ण अहवाल कामगाराच्या हाती पडावा, प्रतिकूल निष्कर्षानंतर फेरतपासणीची संधी मिळावी आणि बऱ्या होणाऱ्या रोगासाठी हद्दपारी नसावी, या किमान मागण्या श्रमविषयक करारांत घालता येण्यासारख्या आहेत.

परतलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न त्याहून निकडीचा आहे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचा चरितार्थ आखाती पैशावर चालतो. जाण्यासाठी काढलेले कर्ज फिटण्यापूर्वीच परतलेला माणूस रोगापेक्षा लोकलज्जेने अधिक खचतो. देशात क्षयावर सरकारी औषधे मोफत मिळतात. रुग्णाच्या पोषणासाठी दरमहा ५०० रुपयांचे साहाय्य २०१८ पासून सुरू झाले, ते २०२४ मध्ये १००० रुपये करण्यात आले. पण ज्याच्याजवळ अहवाल नाही आणि ज्याला रोगाचे नावही उच्चारवत नाही, तो त्या दवाखान्याची पायरी चढणार कसा? विमानतळावर उतरणाऱ्या अशा माणसाची नोंद गुप्तता राखून, त्याच्या संमतीने जिल्ह्याच्या क्षयरोग केंद्राकडे पोहोचविणे अशक्य नाही. परदेशातून येणाऱ्या पैशाचा अभिमान बाळगणाऱ्या देशाने, तो पैसा कमावताना ज्यांची प्रकृती खालावली, त्यांच्या औषधपाण्याची जबाबदारीही पत्करली पाहिजे.