विजेची गाडी दारीं आणण्यापूर्वीं

गॉल्फ हा खेळ आमच्या घराण्यांत आजवर कोणी खेळलेला नाहीं, व यापुढें कोणी खेळेल असें चिन्हहि दिसत नाहीं. असें असूनहि त्या खेळासाठीं निर्माण झालेली विजेची चारचाकी आज आमच्या आमराईंत चिंचेखालीं उभी आहे. ती तेथें कशी आली, आणि पहिल्याच उन्हाळ्यांत तिनें आम्हांस काय शिकविलें, हें वाचकांस सांगावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. चंद्रपूर-गडचिरोलीकडे घर, शेत व देऊळ यांमध्यें अर्ध्या मैलाची वाट असलेलीं एकत्र कुटुंबें कांहीं थोडीं नाहींत; आणि ती वाट तुडविणाऱ्यांचीं वयें सत्तरीपलीकडे गेलीं, कीं हा प्रश्न तेथें निघाल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या घरीं तो थोरल्या काकूंच्या गुडघ्यांमुळें निघाला. घर मूलच्या रस्त्यापासून आंत, आमराई त्याच्या मागें, व आमराईच्या पलीकडे महादेवाचें देऊळ. चाळीस वर्षें काकूंनीं सकाळची पूजा चुकविली नव्हती. गुडघे धरल्यापासून त्या ओसरीवर बसून देवळाच्या दिशेला हात जोडीत, आणि तें पाहून घरांतील कोणासच बरें वाटत नसे. मोटार त्या वाटेनें जात नाहीं. धानाच्या बांध्यांमधील धुऱ्यावरून जाणारी ती अरुंद वाट. अखेरीस धाकट्या भावानें नागपुरांत एक चार आसनांची गाडी पाहिली. पांढरा शुभ्र रंग, नवीं आसनें, डोक्यावर छत. विक्रेत्यानें दहा मिनिटें मोकळ्या मैदानांत फिरवून दाखविली, घरांतील चौघांनीं आपापली शिल्लक एकत्र केली, गाडी आली. काकूंनीं तिला हळदकुंकू वाहिलें.

मे महिन्यांत, चंद्रपुरास पारा ४५ अंशांपलीकडे जातो त्या दिवसांत, देवळांतून परततांना ती भर वाटेवर थांबली. सावली नाहीं, वारा नाहीं, आणि आंत काकू. मुलांनीं पाऊण तास ढकलून गाडी घरीं आणली. काकू एवढेंच म्हणाल्या, “अरे, बैल बरा होता, तो निदान बसण्याआधीं खुणावतो तरी.”

दुसऱ्या दिवशीं आलेल्या मिस्त्रीनें आसन उचललें. खालीं आठ व्होल्टांच्या सहा बॅटऱ्या होत्या, मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट. त्यांवरील नवे कागद त्यानें नखानें सोलले आणि आंतील अक्षर व आंकडा दाखविला. पुष्कळ कारखाने घडणीचा महिना अक्षरानें व वर्ष आंकड्यानें कोरतात. आमच्या बॅटऱ्या सहा वर्षांच्या निघाल्या. रंग नवा, आसनें नवीं, आणि जीव जुना! सहांपैकीं दोन तर पार मेलेल्या होत्या. विक्रेत्यास विचारतां त्यानें पावतीवर बोट ठेवलें. “जशी आहे तशी” हे शब्द तीवर होते, आणि खालीं आमचीच सही होती.

वाचकांनीं येथें एक गोष्ट पक्की ध्यानांत धरावी. जुनी विजेची गाडी म्हणजे मुख्यतः बॅटऱ्या होत. बाकीचें सारें त्यांस वाहून नेणारें गाडें. शिशाच्या सहा बॅटऱ्यांचें वजन दीडशें किलोंच्या वर भरतें आणि नवा संच घेतां जुन्या गाडीच्या किंमतीचा मोठा वांटा त्यांतच जातो. म्हणून पाहणीचा आरंभ रंगापासून न करितां आसनाखालून करावा. गाडी पूर्ण भारून कांहीं तास स्वस्थ ठेविली असतां धडधाकट संच सुमारें ५१ व्होल्ट दाखवितो. तो ४८ च्या आसपास असेल, तर अर्ध्याहून अधिक शक्ति गेलेली आहे असें समजावें. परंतु एकूण आंकडा पाहून भागत नाहीं, कारण चांगल्या बॅटऱ्या आजारी बॅटरीचें व्यंग झांकून घेतात. प्रत्येकीचा आंकडा निरनिराळा घ्यावा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे हायड्रोमीटर ही कांचेची नळी. भरलेल्या बॅटरीच्या आम्लाचें विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या जवळपास असतें. एखाद्या खणांत तें बरेंच खालीं दिसलें, तर तो खण गेला. आणि मैदानांतील दहा मिनिटांच्या फेरीस भुलूं नये. चारहि आसनांवर माणसें बसवून, चढावर, निदान तासभर गाडी चालवावी व लगेच पुन्हां आंकडे घ्यावे. आम्हीं हें केलें असतें, तर काकूंस ती दुपार काढावी लागली नसती.

मिस्त्रीनें आणखी एक मोह टाळण्यास सांगितलें. मेलेल्या दोनच बॅटऱ्या बदलाव्या असें आम्हांस वाटत होतें. तो म्हणाला, “साहेब, म्हाताऱ्या बैलांच्या जोडीला गोऱ्हा जुंपला, तर गोऱ्हाच मरतो.” एकाच ओळींत जोडलेल्या जुन्या बॅटऱ्या नव्यांस लवकरच आपल्या पातळीला ओढतात. सहाहि बदलल्या.

आमच्या मुलखांत उन्हाळा हाच बॅटरीचा मोठा वैरी. शिशाच्या बॅटरीचें आयुष्य २५ अंश उष्णतेस मोजलेलें असतें, आणि त्यावर दर दहा अंशांस तें साधारण निम्मे होतें असा ठोकताळा आहे. तेव्हां विक्रेता पांच वर्षें म्हणाला तर तीं पांच वर्षें पुण्याचीं कीं चंद्रपुरचीं, हें विचारावें! पाणीहि येथें फार आटतें. पंधरा दिवसांनीं झांकणें उघडून पाहावें. आंतील पत्रे उघडे पडूं देऊं नयेत. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्डच, विहिरीचें किंवा नळाचें नव्हे, आणि तें गाडी भारून झाल्यावर. भारतांना हायड्रोजन वायु निघतो व तो पेट घेतो. म्हणून जागा मोकळ्या हवेची असावी, आणि जवळ देव्हाऱ्याची समई किंवा चूल नसावी. आमच्या वहिनींनीं हें ऐकतांच देवळींतील पणतीची जागा बदलली.

नव्या लिथियमच्या बॅटऱ्या हलक्या, पाण्याची कटकट नसलेल्या व अधिक टिकाऊ असतात. पण किंमत जबर, आणि त्यांचीहि एक अट आहे. गाड्यांत बहुधा वापरतात त्या लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्या साधारणपणें ४५ अंशांपलीकडे तापल्या असतां भारूं नयेत. आंतील रक्षक यंत्रणा तेव्हां प्रवाहच तोडते. मे महिन्यांत दुपारीं पत्र्याच्या शेडमध्यें त्या भारणार नाहींत. रात्रीं किंवा पहांटे भाराव्या लागतील. शिशाच्या बॅटरीचा चार्जर त्यांस कदापि लावूं नये. जुन्या गाडींत नव्या लिथियम बॅटऱ्या घालून देतों असें कोणी म्हणाल्यास चार्जर कोणता देणार, हा पहिला प्रश्न.

आतां कायद्याचें. विक्रेत्यानें आम्हांस सांगितलें होतें, “ताशीं पंचवीसच्या आंत चालते, नंबर नको, परवाना नको.” हें अर्धेंच खरें आहे. केंद्राच्या नियमांप्रमाणें वेग ताशीं २५ किलोमीटरपेक्षां कमी हवा, आणि शिवाय मोटरची शक्ति पाव किलोवॅटपेक्षां कमी हवी. तरच ती सवलत. चार माणसें वाहणाऱ्या गॉल्फगाडीची मोटर त्याच्या कितीतरी पट असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत केवळ बंदिस्त आवारांतच चालविण्यासाठीं केलेली विशेष प्रकारची गाडी मोटार वाहन म्हणून धरलेली नाहीं. परंतु ती सवलत कुंपणापाशीं संपते. आमचें देऊळ ग्रामपंचायतीच्या रस्त्याच्या पलीकडे आहे, रस्ता अवघा वीस पावलें रुंद! गाडी आतां अलीकडे थांबते व काकू मुलाचा हात धरून तीं पावलें चालतात. रस्त्यावरूनच जाणें असेल त्यानें मान्यताप्राप्त ई-रिक्षा पाहावी. तिला २०१४ पासून नियमांत स्वतंत्र स्थान आहे, आणि नोंदणी व विमा यांसह ती रस्त्यावर येते. माथेरानास, जेथें मोटारींस बंदी आहे, २०२२ च्या डिसेंबरांत ई-रिक्षा प्रथम प्रायोगिक म्हणून चालूं झाल्या, आणि माणसानें ओढावयाच्या रिक्षा सहा महिन्यांत बंद करा असें सर्वोच्च न्यायालयानें २०२५ च्या ऑगस्टांत सांगितलें. तेथील चढ लक्षांत घेतां प्रयोग आधीं व वापर नंतर, हा क्रम आम्हांस योग्य वाटतो. सपाट हिरवळीसाठीं केलेली गाडी प्रत्येक उतारावर थांबेलच असें नाहीं. ब्रेक उतारावर, भरल्या गाडींत, तपासावा.

पावतीविषयीं आम्ही अधिक कडवट लिहिणार होतों, पण दोष आमचाहि आहे. गाडीचा व प्रत्येक बॅटरीचा क्रमांक, घडणीचा महिना, हमीची मुदत, आणि दुरुस्तीस माणूस येथवर येणार कीं गाडी नागपुरास न्यावी लागणार, हें सारें लिहून घ्यावें. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें तक्रार आपण राहतों त्या जिल्ह्यांतच, दोन वर्षांच्या आंत, करतां येते. विक्रेत्याच्या गांवीं खेटे घालावे लागत नाहींत. परंतु आयोगापुढें ठेवावयास कागद हवा. जुन्या बॅटऱ्या मात्र भंगारवाल्यास देऊं नयेत. शिसें व आम्ल विहिरीच्या पाण्यांत उतरतें. २०२२ च्या नियमांनीं त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, आणि नवा संच घेतांना जुन्याची वजावटहि बहुधा मिळते.

एक घरगुती सूचना. ही गाडी आवाज करीत नाहीं. गुरें, मुलें व कमी ऐकूं येणारीं माणसें तिच्या वाटेंतून बाजूला होत नाहींत. म्हणून आम्हीं तिला बैलाची घांट बांधली आहे. किल्ली कधींहि गाडींत राहूं देत नाहीं, कारण आमच्या सात वर्षांच्या नातवानें एकदां तुळशीवृंदावनापर्यंत मजल मारली होती. आणि दिवेलागणीनंतर ती धुऱ्यावर जात नाहीं. आमच्या जिल्ह्यांत वाघ केवळ ताडोब्यांतच राहतो असें कोणी समजूं नये.

नवा संच बसवून एक वर्ष झालें. काकू आतां सकाळीं सहाला निघतात व ऊन चढण्यापूर्वीं परततात. दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं वहिनी हायड्रोमीटर घेऊन बसतात आणि चोवीस खणांचे आंकडे स्वयंपाकघरांतील दुधाच्या वहीच्या मागल्या पानांवर लिहितात. गेले दोन महिने तिसऱ्या बॅटरीचा एक खण किंचित् खालीं येत आहे. हमीचे अजून सहा महिने शिल्लक आहेत; मिस्त्रीस निरोप धाडला आहे.