चार गुंठे जागा आणि एक टोपली

राजुऱ्याकडच्या कोणत्याही गावात जा, जागेला तोटा नाही. शाळेमागे पडीक असते, हंगाम संपला की खळेही मोकळे होते. तरी पालक म्हणतात, "साहेब, खेड्यात पोरांना खेळायची सोय कुठे?" त्यांना मी मुंबईच्या अब्बास मुंतसीर यांची गोष्ट सांगतो.

अब्बास मुंतसीर बास्केटबॉलचे खेळाडू. हा खेळ १८९१ साली अमेरिकेत जेम्स नायस्मिथ या व्यायामशिक्षकाने काढला. थंडीत मुलांना बाहेर खेळता येईना, म्हणून त्याने सभागृहाच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि मुलांना त्यांत चेंडू टाकायला सांगितले. टोपलीला बूड होते. चेंडू वर चढून काढावा लागे. पुढे टोपली जाऊन लोखंडी कडे आले. उंची मात्र आजही दहा फूटच आहे.

वायएमसीए या संस्थेने हा खेळ आपल्या देशात आणला. मुंबईत त्याने मूळ धरले ते नागपाड्यात. माणसाला पाय ठेवायला जागा नाही अशी ती दाट वस्ती. पण तिथे मस्तान वायएमसीएचे मैदान होते आणि बच्चू खान यांच्यासारखे शिकवणारे होते. त्याच नागपाड्याचे अब्बास भारताचे कर्णधार झाले. १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला.

"पण खेळून पोट भरते का?" हा तुमचा पुढचा प्रश्न. तो रास्त आहे. अब्बास यांच्या काळात आपल्याकडे बास्केटबॉलचा पगारी खेळाडू नव्हताच. चांगला खेळणारा रेल्वे, पोलीस किंवा सेनादलात लागे. नोकरी पोट भरी, खेळ नाव देई.

पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग मात्र शेतकऱ्याचा पोर. त्याचे वडीलही सात फुटांवर उंच होते, पण घरच्यांनी त्यांना खेळू न देता शेतीला जुंपले. त्यांनी आपल्या मुलाला अडवले नाही, लुधियानाला खेळ शिकायला पाठवले. २०१५ साली अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या पगारी स्पर्धेच्या निवडीत डॅलसच्या संघाने त्याचे नाव घेतले. भारतात जन्मलेल्या खेळाडूला तो मान पहिल्यांदाच मिळाला. तरी त्या स्पर्धेचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे उत्तेजक द्रव्याच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली आणि तो कुस्तीच्या पगारी आखाड्यात उतरला. म्हणून म्हणतो, एका पिकावर सगळे घर टांगू नये. कपाशीत तुरीची ओळ घालतो, तशी खेळाबरोबर शाळा ठेवावी.

आता सोयीचे बोलू. पूर्ण मैदान अठ्ठावीस मीटर लांब, पंधरा मीटर रुंद. म्हणजे चार गुंठ्यांहून थोडे अधिक, एकराचा जेमतेम दहावा हिस्सा. एकाच कड्यावर खेळायचे तर त्याच्या निम्म्यात भागते. जमीन खळ्यासारखी चोपून टणक करा, नाहीतर चेंडू उसळणार नाही. कडे दीड फूट व्यासाचे, वेल्डिंगवाला सहज करून देईल. फळी आणि खांब भक्कम हवा. लहान मुलांसाठी कडे साडेआठ फुटांवर लावा.

नागपाड्यात जागा नव्हती, शिकवणारा होता. आपल्याकडे जागा आहे. आता गावातल्या एखाद्या गुरुजींनी किंवा शिकून आलेल्या तरुणाने संध्याकाळचा एक तास द्यावा. आणि पोरगी चेंडू घेऊन निघाली, तर तिलाही अडवू नका.