‘मले’मधला ‘ले’

वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीच्या बाजारात कुणी ‘मले दोन किलो संत्रे पायजे’ म्हणालं, तर विकणाऱ्याला त्यात वावगं काही वाटत नाही. तेच वाक्य पोरानं शाळेच्या वहीत लिहिलं, की ‘मले’खाली लाल रेघ येते आणि वर ‘मला’ लिहिलं जातं. परीक्षेपुरती ही दुरुस्ती समजण्यासारखी आहे. पण त्या रेघेबरोबर एक समजूतही पोराच्या मनात उतरते: ‘ला’ म्हणजे व्याकरण आणि ‘ले’ म्हणजे व्याकरण न येणं. ही समजूत खोटी आहे. वऱ्हाडी बोलीतल्या या ‘ले’चे नियम ‘ला’इतकेच काटेकोर आहेत, आणि एका ठिकाणी तर ते प्रमाण मराठीपेक्षा सरळ आहेत.

‘त्यानं म्हैस सोडली’ आणि ‘त्यानं म्हशीले सोडलं’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्यात क्रियापद म्हशीच्या मागे चालतं, म्हणून स्त्रीलिंगी. दुसऱ्यात ‘ले’ आला आणि म्हशीचा क्रियापदावरचा हक्क सुटला. क्रियापद नपुंसकलिंगी होऊन बसलं. भाकरीला मात्र हा ‘ले’ सहसा लागत नाही, ‘भाकर खाल्ली’ असंच म्हणतात. कर्म सजीव आहे की निर्जीव, ठरावीक आहे की मोघम, याचा हिशेब बोलणारा दरवेळी करतो आणि मगच ‘ले’ वापरतो. हाच ‘ले’ ‘जेवाले चाल’मध्ये हेतू सांगतो, ‘कायले आला?’मध्ये कारण विचारतो आणि ‘मले भूक लागली’मध्ये अनुभव कुणाचा ते दाखवतो. आता अनेकवचन. प्रमाण मराठीत ‘माणसाला’चं ‘माणसांना’ होतं, म्हणजे प्रत्ययच बदलतो. वऱ्हाडीत ‘माणसाले’, ‘माणसाईले’. अनेकपण ‘ई’नं दाखवलं, ‘ले’ जागचा हलला नाही. एका कामाला एक खूण, ही शिस्त इथे बोलीनं पाळली आहे.

इतक्या लहान शब्दाला एवढं महत्त्व द्यावं का, असं वाटत असेल तर क्रोएशियाकडे पाहावं. तिथल्या बोलींच्या तीन मोठ्या गटांची नावंच ‘काय’ या अर्थाच्या शब्दावरून पडली आहेत. ‘श्तो’ म्हणणारे श्तोकावी, ‘चा’ म्हणणारे चाकावी आणि राजधानी झाग्रेबच्या परिसरातले ‘काय’ म्हणणारे कायकावी. तो ‘काय’ आपल्या ‘काय’सारखाच ऐकू येतो, आणि दोघांतला ‘क’ एकाच प्राचीन प्रश्नार्थक मुळातून आला आहे. प्रमाण क्रोएशियन श्तोकावीवर उभी आहे, तरी ‘काय’ला तिथे अडाण्यांची भाषा म्हणून निकालात काढलेलं नाही, त्या बोलीत शतकानुशतकांचं साहित्य आहे. आणखी एक साम्य व्याकरणातलं आहे. थंडी वाजते हे क्रोएशियन माणूस ‘ह्लाद्नो मी ये’ असं सांगतो, म्हणजे शब्दशः ‘थंड मला आहे’. त्यातला इवलासा ‘मी’ हाच त्यांचा ‘मला’. ‘घोडा पाहतो’ म्हणताना घोड्याचं रूप बदलतं, टेबलाचं बदलत नाही. सजीव-निर्जीवाचा आपलाच हिशेब तिथेही आहे. क्रोएशियन शिकणारा परदेशी माणूस हे नियम घोकून पाठ करतो. तसाच नियम आष्टीचं पोरगं शाळेत जाण्याआधीच पाळत असतं, आणि त्याचं श्रेय त्याला कुणी देत नाही.

‘ले’ हिंदीच्या शेजारामुळे आला, असा एक आक्षेप असतो. पण हिंदी इथे ‘को’ म्हणते. उलट पूर्वेला छत्तीसगढीत ‘मोला’, ‘तोला’ आहे, म्हणजे ‘ला’ तिथे सापडतो. शेजाऱ्यांशी साम्य हा दोष मानला, तर तो आधी ‘ला’ला चिकटेल. ‘ले’ पश्चिमेकडे खानदेशात अहिराणी आणि लेवा बोलीतही आहे; तो आष्टीपुरता उच्चारदोष नाही. जुन्या मराठीत ‘सि’, ‘तें’, ‘लागीं’ अशी कितीतरी रूपं एकत्र नांदत होती, आणि ‘ला’चं मूळ ‘लागीं’मध्ये शोधणारे अभ्यासक आहेत. ज्या रिद्धपुराशी महानुभावांचं आद्य मराठी गद्य जोडलेलं आहे, ते वर्धा नदीपलीकडे मोर्शी तालुक्यात, आष्टीच्या शेजारीच आहे. अशा मुलखातल्या बोलीला मराठी बिघडल्याचं उदाहरण म्हणणं इतिहासाला धरून नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: अर्ज, परीक्षा, नोकरी प्रमाण मराठीतच होतात, मग पोराला ‘ले’त का अडकवायचं? अडकवू नयेच. ‘मला’ आणि ‘माणसांना’ त्याला लिहिता आलंच पाहिजे. प्रश्न ते कसं शिकवायचं एवढाच आहे. ‘हे चूक’ म्हटलं की पोराला प्रत्येक शब्द सुटा पाठ करावा लागतो. ‘माणसाले–माणसाईले’ आणि ‘माणसाला–माणसांना’ या जोड्या फळ्यावर समोरासमोर लिहिल्या, तर फरक नेमका कुठे आहे ते त्याला स्वतःला सापडतं. एकवचनात ‘ले’च्या जागी ‘ला’ येतो, अनेकवचनात ‘ईले’च्या जागी ‘ंना’. ‘म्हशीले सोडलं’ला तर हात लावावा लागतो तो फक्त ‘ले’पुरता, ‘सोडलं’ त्यानं आधीच बरोबर लिहिलेलं असतं.