स्वनिर्मित विमानातील उपकरणांसाठी विद्युत्पुरवठ्याचे नियोजन

प्रस्तावना : मुंबईतील कांदिवली येथे इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेले टीएसी-००३ हे सहा आसनी विमान फेब्रुवारी २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांसमोर आले. नोव्हेंबर २०१७ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने त्याची नोंदणी केली, २०१९ मध्ये उड्डाणाची परवानगी मिळाली आणि २०२० मध्ये त्याची चाचणी उड्डाणे झाली ती धुळ्याच्या धावपट्टीवर. दोंडाईचा ज्या जिल्ह्यात येते त्याच जिल्ह्यात ही घटना घडली. त्या विमानाच्या सांगाड्याविषयी व परवानगीच्या दीर्घ पाठपुराव्याविषयी पुष्कळ लिहिले गेले. तथापि, स्वनिर्मित विमान बांधणाऱ्या कोणालाही सोडवावा लागणारा एक प्रश्न सहसा चर्चेत येत नाही. तो म्हणजे विमानातील इलेक्ट्रॉनिक उपकरणांना लागणारी वीज. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार एका काल्पनिक लहान विमानाच्या आधारे केला आहे. येथील आकडे टीएसी-००३ चे नाहीत.

विजेवर अवलंबन : पारंपरिक पिस्टन इंजिनात ठिणगी मॅग्नेटोद्वारे निर्माण होते. मॅग्नेटोला बॅटरी लागत नाही. त्यामुळे विमानातील सर्व वीज गेली तरी इंजिन फिरत राहते. नव्या पद्धतीच्या इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनाचे आणि इंधन-अंतःक्षेपणाचे तसे नाही. तेथे वीज गेली की इंजिनही बंद पडते. म्हणून नियोजनाचा आरंभ ‘किती वीज लागेल’ या प्रश्नाने न करता ‘वीज गेल्यास काय काय थांबेल’ या प्रश्नाने करणे इष्ट होय.

भाराचा हिशेब : चौदा व्होल्टच्या व्यवस्थेत एका पडद्यास २ अँपिअर, रेडिओस सरासरी १, ट्रान्सपाँडरला १.५, इलेक्ट्रॉनिक प्रज्वलनास १.५ आणि इंजिनाच्या मापकांना ०.५ अँपिअर धरल्यास आवश्यक भार ६.५ अँपिअर होतो. यात दुसरा पडदा २, उतरण्याचा दिवा ४, लुकलुकणारे दिवे ३, इंधनपंप ४ आणि वेगमापक नळीचा तापक ८ अँपिअर मिळवले, की एकूण भार २७.५ अँपिअरवर जातो. तापक हा सर्वांत खादाड, परंतु खानदेशातील कोरड्या हिवाळी सकाळी बहुधा अनावश्यक. अल्टरनेटर साठ अँपिअरचा असल्यास हा भार त्याला जड नाही. खरा प्रश्न अल्टरनेटर बंद पडल्यावरचा आहे.

बॅटरीवर ‘१७ अँपिअर-तास’ असे छापलेले असते. ही क्षमता वीस तासांच्या संथ विसर्जनाची असते. जुनी झालेली बॅटरी ८० टक्के, म्हणजे १३.६ अँपिअर-तास देईल असे समजू. ६.५ अँपिअरच्या दराने त्यातील सुमारे ७० टक्केच हाती येतात, ते ९.५ अँपिअर-तास होतात आणि जवळपास दीड तास पुरतात. सर्व उपकरणे चालूच ठेवली तर मात्र निम्मी क्षमताही जेमतेम मिळते व १५ मिनिटांत अंधार होतो. विद्युतधारा चौपट झाली, पण वेळ सहाव्या हिश्शावर आला. साधा भागाकार येथे फसवा ठरतो, हे भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना दाखवण्याजोगे उदाहरण आहे. अमेरिकेच्या लहान विमानांच्या प्रमाणन नियमांत दीर्घकाळ किमान ३० मिनिटांची अट होती. वरील दोन्ही आकडे तिच्या दोन बाजूंना पडतात.

म्हणून आवश्यक उपकरणांचा बसबार वेगळा ठेवतात व तो एका स्विचने थेट बॅटरीला जोडता येतो. उर्वरित भार तोडायचा. रॉबर्ट नकल्स यांच्या ‘एरोइलेक्ट्रिक कनेक्शन’ या ग्रंथाने स्वनिर्मित विमानांच्या जगात ही मांडणी रूढ केली. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राने भोगलेल्या भारनियमनाशी तिचे साम्य आहे. फरक इतकाच की येथे कोणाचा पुरवठा तोडायचा हे वैमानिक आधीच, जमिनीवर शांतपणे ठरवतो. पण हे सर्व अल्टरनेटर बंद पडल्याचे वेळेवर कळले तरच उपयोगी. चालू अल्टरनेटर सुमारे १४.२ व्होल्ट देतो. पूर्ण भारलेली बॅटरी भाराविना १२.७ च्या आसपास असते. त्यामुळे १३ व्होल्टखाली पेटणारा इशारादिवा काही रुपयांचा असला तरी पडद्याइतकाच महत्त्वाचा आहे.

उष्णता : मे महिन्यात धुळे-दोंडाईचा परिसरात पारा ४२ अंशांपलीकडे जातो आणि इंजिनाच्या आवरणाखाली त्याहून कितीतरी अधिक. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तापमानात सुमारे १० अंश वाढ झाल्यास निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. बॅटरी इंजिनाच्या भिंतीमागे ठेवावी आणि तिची क्षमता दरवर्षी प्रत्यक्ष भार लावून मोजावी. इंजिन सुरू झाले म्हणजे बॅटरी ठीक, हा समज येथे चालत नाही. स्टार्टरला मोठी धारा काही सेकंदच लागते, तर आणीबाणीत लहान धारा तासभर हवी असते. शिवाय स्टार्टर फिरताना व्होल्टेज दहाच्या आसपास घसरते व पडदे बंद होऊन पुन्हा सुरू होतात. त्यासाठी उपकरणांचा स्विच इंजिन सुरू झाल्यावरच लावणे किंवा पडद्याला लहान स्वतंत्र बॅटरी देणे हे दोन उपाय आहेत.

तारा : शेपटीकडील ३ अँपिअरच्या उपकरणापर्यंत ४ मीटर तार जाते असे मानू. धातूचे विमान असेल तर परतीचा मार्ग सांगाड्यातून मिळतो. काचतंतूच्या विमानात परतीची तारही ओढावी लागते, म्हणजे एकूण ८ मीटर. ०.६४ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०५३ ओहम असतो. तेव्हा वाटेतच १.२७ व्होल्ट, म्हणजे नऊ टक्के, खर्ची पडतात. १.०२ मिलिमीटरची तार घेतल्यास तूट ०.५ व्होल्टवर येते. वजन मात्र अडीचपट होते. फ्यूज निवडताना उपकरणाकडे न पाहता तारेकडे पाहावे लागते. फ्यूज तारेच्या रक्षणासाठी असतो, कारण धूर तारेतून निघतो आणि हवेत असताना गाडी बाजूला घेण्याची सोय नसते.